घरून काम आणि वाटेतले बंद दार : इंटरनेट पुरवठादार ‘पोर्ट’ रोखतात तेव्हा

नवी दिल्ली : घरातील इंटरनेट सुरू असते. बातम्यांची संकेतस्थळे उघडतात, चित्रफिती न अडखळता चालतात, वीजबिल भरले जाते. मात्र कार्यालयाच्या संगणकजाळ्याशी जोडून देणारे व्हीपीएन सुरू करताच पडद्यावर ‘जोडणी होत आहे’ एवढेच शब्द दिसत राहतात आणि मिनिटभराने ‘सर्व्हरकडून प्रतिसाद नाही’ असा संदेश येतो. कर्मचारी कार्यालयाच्या तंत्रसाहाय्य विभागाला दूरध्वनी करतो. तेथून ‘आमच्याकडे सर्व व्यवस्थित आहे, तुमच्या इंटरनेट कंपनीला विचारा’ असे उत्तर मिळते. इंटरनेट कंपनीचे ग्राहकसेवा केंद्र वेगाची चाचणी घ्यायला सांगते, वेग पुरेसा भरतो आणि तक्रार निकाली निघते. दिवस मात्र वाया गेलेला असतो, आणि हजेरीपटावर त्याचा हिशेब कर्मचाऱ्याच्याच नावावर लागतो.

घरून काम करणाऱ्यांच्या परिचयाच्या या फेऱ्यामागे पुष्कळदा एकच कारण असते. ज्या क्रमांकाच्या ‘पोर्ट’मधून कार्यालयाशी संपर्क व्हायचा, तो वाटेत कोणीतरी रोखलेला असतो. रोखणारा कोण, त्याने तो का रोखला आणि तसे करण्याचा त्याला अधिकार होता का, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक वेळी वेगळी असतात. ग्राहकाला दिसणारे लक्षण मात्र एकच असते, आणि सारा गोंधळ तेथून सुरू होतो.

चाळीचा पत्ता, खोलीचा क्रमांक

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता असतो. तो चाळीच्या पत्त्यासारखा मानला, तर पोर्ट हा खोलीचा क्रमांक होय. पत्र चाळीपर्यंत पोहोचले तरी ते कोणत्या खोलीत द्यायचे हे क्रमांकावरून ठरते. हा क्रमांक १६ बिटांचा असल्याने ० ते ६५,५३५ इतके पोर्ट शक्य होतात. ० ते १०२३ हे सर्वपरिचित सेवांसाठी, १०२४ ते ४९,१५१ नोंदणीकृत सेवांसाठी आणि त्यापुढील तात्पुरत्या वापरासाठी, अशी त्यांची विभागणी आहे. त्यांची नोंदवही ‘आयाना’ ही संस्था सांभाळते. संकेतस्थळे ८० आणि ४४३ या पोर्टवरून येतात, तर एका मेल सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जाणारी टपाल २५ वरून जाते.

दूरस्थ कामासाठी लागणारे पोर्ट याहून वेगळे आहेत. आयपीसेक या पद्धतीच्या व्हीपीएनला यूडीपी ५०० आणि ४५०० लागतात. एलटूटीपीला १७०१, ओपनव्हीपीएनला नेहमीच्या मांडणीत ११९४, तर वायरगार्डला ५१,८२० लागतो. दुसऱ्या संगणकाचा पडदा आपल्यासमोर आणणाऱ्या ‘रिमोट डेस्कटॉप’चा पोर्ट ३३८९ आहे आणि सर्व्हर हाताळणाऱ्यांच्या एसएसएचचा २२. जुन्या कार्यालयांत अजूनही आढळणाऱ्या पीपीटीपीला टीसीपी १७२३ तर हवाच, शिवाय जीआरई नावाचा, पोर्ट क्रमांक नसलेला एक स्वतंत्र प्रोटोकॉलही हवा. म्हणून १७२३ उघडा असूनही पीपीटीपी अडते. ओळखपाळख होते, पण मजकूर जात नाही. तंत्रसाहाय्य विभागाला अशा वेळी ‘जोडणी होते आहे’ असे दिसते आणि दोष कर्मचाऱ्याच्या संगणकाचा ठरतो.

टीसीपी आणि यूडीपी यांतील फरकही येथे महत्त्वाचा आहे. टीसीपी ही पोच घेऊन पाठविलेल्या रजिस्टर टपालासारखी, तर यूडीपी साध्या टपालासारखी. बहुतेक आधुनिक व्हीपीएन वेगासाठी यूडीपी वापरतात. साधे टपाल वाटेत फेकून दिले तरी पाठविणाऱ्याला काही कळत नाही. यूडीपीचा पोर्ट रोखला असता ‘रोखला आहे’ असा निरोप परत येतोच असे नाही, नुसती शांतता असते.

सुरुवात सुरक्षेपासून

पोर्ट रोखणे म्हणजे सरसकट लबाडी, असे समजणे अन्यायाचे होईल. इंटरनेट पुरवठादारांना हे हत्यार उचलायला भाग पाडणारे प्रसंग खरेच घडले. २५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ या किड्याने यूडीपी १४३४ या पोर्टवरून काही मिनिटांत जगभरातील हजारो सर्व्हर ग्रासले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ब्लास्टर’ १३५ या पोर्टवरून घराघरांतील विंडोज संगणकांत शिरला. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रणालीने ४४५ या पोर्टचा आधार घेतला आणि ब्रिटनची सरकारी रुग्णालये ठप्प केली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘गिटहब’वर झालेल्या सेकंदाला १.३५ टेराबिट इतक्या माऱ्यासाठी ११,२११ या पोर्टवर उघडी राहिलेली मेमकॅश यंत्रणा वापरली गेली. या क्रमांकांना घरगुती जोडणीवर अटकाव केला म्हणून सामान्य ग्राहकाचे सहसा काही अडत नाही.

पोर्ट २५ ची कथा अधिक बोधक आहे. विषाणूग्रस्त घरगुती संगणकांतून लाखो निरुपयोगी ई-मेल सुटू लागल्या, तेव्हा अनेक देशांतील पुरवठादारांनी घरगुती ग्राहकांसाठी २५ बंद केला. तो बंद करता आला, कारण पर्याय तयार होता. ग्राहकाने आपली ई-मेल ओळख पटवून ५८७ वरून द्यावी, हा मार्ग डिसेंबर १९९८ मध्येच आखून ठेवण्यात आला होता. दार बंद केले, पण शेजारचे दार दाखविले. व्हीपीएनच्या बाबतीत असे दुसरे दार दाखविण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

अमेरिकेतील ‘बिटॅग’ या तांत्रिक सल्लागार गटाने ऑगस्ट २०१३ मध्ये पोर्ट रोखण्यावर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. अन्य वाजवी उपाय उपलब्ध असेल तर पुरवठादारांनी पोर्ट रोखणे टाळावे, रोखलेच तर कोणते पोर्ट रोखले हे जाहीर करावे आणि मागणी करणाऱ्या ग्राहकाला ते उघडून घेण्याची सोय द्यावी, असे त्याचे सार आहे. या विषयावरील वाद कोणत्याही देशात उद्भवला तरी तो शेवटी या तीन अपेक्षांपाशीच येऊन थांबतो.

रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ या रेषेच्या अगदी काठावर आहे. कार्यालयातील संगणक थेट इंटरनेटवर या पोर्टने उघडा ठेवणे धोक्याचे आहे. मे २०१९ मध्ये ‘ब्लूकीप’ ही त्रुटी उघड झाल्यावर मायक्रोसॉफ्टने पाठिंबा संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली, यावरून त्याची कल्पना यावी. पुरवठादाराने हा पोर्ट बाहेरून आत येताना रोखला तर ग्राहकाचे रक्षणच होते. ग्राहक मात्र आपल्या घरातून कार्यालयाकडे जात असतो. आत येणारी वाट आणि बाहेर जाणारी वाट यांत फरक न करता लावलेली चाळणी नेमकी येथे घात करते.

जेथे हेतू पैशाचा होता

सुरक्षेचा संबंध नसलेली उदाहरणेही आहेत, आणि ‘नेट न्यूट्रॅलिटी’ या आज घराघरांत पोहोचलेल्या शब्दाचा जन्म त्यांच्याशी जोडलेला आहे. या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत केबलवरून ब्रॉडबँड देणाऱ्या काही कंपन्यांनी घरगुती ग्राहकांना व्हीपीएन वापरण्यास करारातच मनाई केली होती. कॉमकास्ट ही त्यांतील ठळक कंपनी. घरून कार्यालयाशी जोडणी करायची असेल तर महाग दराची व्यावसायिक योजना घ्या, असा त्यामागील व्यवहार होता. कायद्याचे अभ्यासक टिम वू यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात केबल व डीएसएल कंपन्यांच्या अशा अटी तपासल्या आणि जाळ्याच्या तटस्थतेची संकल्पना मांडली. आज हा शब्द चित्रपट-मालिकांच्या प्रवाहाशी किंवा फुकट डेटाशी जोडला जातो, पण त्याच्या मुळाशी असलेल्या उदाहरणांत घरून काम करणाऱ्याचे व्हीपीएनही होते.

त्यानंतर दोन वर्षांनी मॅडिसन रिव्हर या दूरध्वनी कंपनीने आपल्या ग्राहकांना इंटरनेटवरून दूरध्वनी करता येऊ नये म्हणून त्यासाठी लागणारे पोर्ट रोखल्याचा आरोप झाला. स्वतःच्या दूरध्वनी व्यवसायाला स्पर्धा नको, हे कारण उघड होते. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने मार्च २००५ मध्ये तिच्याशी तडजोड केली. कंपनीने १५,००० डॉलर भरले आणि पोर्ट पुन्हा न रोखण्याचे मान्य केले. पुढे तेथील तटस्थतेचे नियम २०१५ मध्ये आले, २०१७ मध्ये मागे घेतले गेले, २०२४ मध्ये परत आले आणि २ जानेवारी २०२५ रोजी अपील न्यायालयाने ते रद्द ठरविले. या बाबतीत भारताची स्थिती कागदावर तरी अधिक स्थिर आहे.

भारत : चाळीस बिटांपासून परवान्याच्या अटीपर्यंत

भारतात कूटबद्ध जोडणीकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले गेले. इंटरनेट परवान्याच्या जुन्या अटींनुसार व्यक्ती वा संस्थेला पूर्वपरवानगीशिवाय केवळ ४० बिट लांबीच्या किल्लीपर्यंत कूटबद्धता वापरण्याची मुभा होती. त्याहून मजबूत कुलूप लावायचे तर परवानगी घेऊन किल्ली शासनाकडे जमा करावी, अशी अपेक्षा होती. बँकांचे व्यवहार १२८ बिटांवर चालू झाल्यावरही ही अट कागदावर राहिली.

कॉल सेंटर आणि तत्सम सेवा देणाऱ्या कंपन्यांना ‘इतर सेवा पुरवठादार’ म्हणून दूरसंचार विभागाकडे नोंदणी करावी लागे. त्यांच्या कर्मचाऱ्याला घरून काम द्यायचे तर सुरक्षा ठेव आणि परवानाधारक कंपनीकडूनच घेतलेले व्हीपीएन, अशा अटी होत्या. म्हणजे २०२० पूर्वी या क्षेत्रात ‘घरून काम’ ही सवलत नसून स्वतंत्र परवानगीचा विषय होता, ही गोष्ट आता विस्मरणात गेली आहे.

करोनाच्या साथीने हे चित्र दोन आठवड्यांत पालटले. १३ मार्च २०२० रोजी दूरसंचार विभागाने या अटी ३० एप्रिलपर्यंत शिथिल केल्या. सुरक्षा ठेवीतून सूट मिळाली आणि कंपन्यांना स्वतः उभारलेले सुरक्षित व्हीपीएन वापरण्यास परवानगी देण्यात आली. २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. सवलतीची मुदत आधी ३१ जुलै व नंतर ३१ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली. ५ नोव्हेंबर २०२० च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी नोंदणीची अटच रद्द केली आणि २३ जून २०२१ रोजी ती आणखी सैल करण्यात आली.

कागदावरची अडचण दूर झाली आणि प्रत्यक्षातली पुढे आली. पुणे, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद येथील कर्मचारी संगणक काखोटीला मारून आपापल्या गावी गेले. जळगाव, लातूर, रत्नागिरी किंवा बेळगावच्या घरात बसून काम करताना त्यांची भिस्त महानगरातील कार्यालयाच्या लीज्ड लाइनऐवजी गल्लीतील केबलवाल्यावर होती. हा केबलवाला मोठ्या पुरवठादाराकडून घाऊक जोडणी घेतो, एकच उपकरण शेकडो घरांत वाटतो, आणि त्या उपकरणात कोणत्या चाळण्या लावल्या आहेत हे पुष्कळदा ते बसवून गेलेल्या माणसालाच ठाऊक असते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे आतापर्यंत कोणी ४५०० क्रमांकाची चौकशी केलेलीच नव्हती.

कायद्याचे उत्तर तोवर तयार होते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, ८ फेब्रुवारी २०१६ रोजी डेटाच्या दरांतील भेदभावाला मनाई केली होती. त्यानंतर २८ नोव्हेंबर २०१७ रोजी नेट न्यूट्रॅलिटीविषयी शिफारशी केल्या. दूरसंचार विभागाने ३१ जुलै २०१८ रोजी त्या स्वीकारल्या आणि परवान्याच्या अटींत तसा बदल केला. या चौकटीनुसार पुरवठादाराला मजकूर रोखणे, त्याचा दर्जा खालावणे, वेग कमी करणे किंवा एखाद्याला झुकते माप देणे मना आहे. ‘मजकूर’ या शब्दात संकेतस्थळांबरोबर उपयोजने, सेवा आणि इतर सर्व डेटा येतो. शिफारशींत भेदभावाचे जे आधार वर्ज्य ठरविले, त्यांत पाठविणारा व घेणारा यांच्याबरोबर जाळ्याचा प्रोटोकॉल आणि ग्राहकाचे उपकरण यांचाही उल्लेख आहे. व्हीपीएनच्या दृष्टीने ‘प्रोटोकॉल’ हा एक शब्द सर्वांत मोलाचा आहे. आयपीसेक वा ओपनव्हीपीएन हा एक प्रोटोकॉल असल्याने केवळ तेवढ्यावरून त्याला अडविणे या चौकटीत बसत नाही.

अपवाद आहेत. जाळ्यावरील वाहतुकीचे वाजवी व्यवस्थापन करता येते, पण ते प्रमाणशीर, तात्पुरते आणि पारदर्शक असले पाहिजे. आणीबाणीची परिस्थिती, न्यायालयाचे आदेश आणि शासनाचे कायदेशीर निर्देश हेही अपवादच. एखाद्या हल्ल्याच्या काळात एखादा पोर्ट दोन दिवस रोखणे या कसोटीवर उतरते. तोच पोर्ट तीन वर्षे, कोणालाही न सांगता रोखून ठेवणे उतरत नाही. २२ सप्टेंबर २०२० रोजी ट्रायने वाहतूक व्यवस्थापनाच्या पद्धतींवर देखरेखीसाठी पुरवठादार, तज्ज्ञ, ग्राहक संघटना आदींची संयुक्त संस्था उभारावी, अशी शिफारसही केली.

या चौकटीचा दुबळा दुवा पारदर्शकतेचा आहे. घरगुती जोडणी घेताना वेग, दर आणि मर्यादा यांचा तपशील ग्राहकाला मिळतो. रोखलेल्या पोर्टची यादी सहसा त्याच्या हाती पडत नाही. यादीच नसेल तर नियम मोडला हे सिद्ध करण्याचे ओझे, ज्याचे काम बंद पडले आहे त्याच्याच डोक्यावर येते.

रोखलेले नसते, पत्ताच अर्धा असतो

‘पोर्ट रोखला’ म्हणून येणाऱ्या तक्रारींचा एक मोठा भाग वस्तुतः निराळ्या दुखण्याचा असतो. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही-४ चे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. आशिया-प्रशांत विभागाचा मुक्त साठा १५ एप्रिल २०११ रोजी संपला. भारतात इंटरनेटचा मोठा प्रसार झाला तो त्यानंतर. तेव्हा पुरवठादारांनी शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसविले. या व्यवस्थेला ‘सीजीनॅट’ म्हणतात. तिच्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ने सुरू होऊन १००.१२७ पर्यंत जाणारे पत्ते राखून ठेवण्यात आले. घरातील राउटरच्या मांडणीत इंटरनेटच्या बाजूचा पत्ता या मालिकेतला दिसला, तर आपल्या चाळीला रस्त्यावर स्वतःचा असा दरवाजा नाही, असे समजावे.

याचा परिणाम काय होतो? घरातून बाहेर जाणारे व्हीपीएन बहुधा चालते. बाहेरून आत येणे मात्र अशक्य होते. एखाद्या छोट्या व्यापाऱ्याने हिशेबाचा संगणक दुकानात ठेवला आहे आणि लेखापाल घरून त्यावर काम करू पाहतो, असे समजू. दुकानाची जोडणी सीजीनॅटमागे असेल, तर राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी लेखापाल आत येऊ शकणार नाही. कोणी काही रोखलेले नाही, येणाऱ्याला उतरायला जागाच नाही. अशा वेळी दरमहा वेगळे शुल्क भरून स्थिर पत्ता घेणे, किंवा दोन्ही बाजूंनी बाहेर पडून मध्ये भेटणारी सेवा वापरणे, हे दोनच व्यवहार्य मार्ग उरतात.

जुन्या पीपीटीपीला या व्यवस्थेचा जास्त फटका बसतो. जीआरईला पोर्ट क्रमांक नसल्याने एकाच पत्त्यामागील दोन शेजारी एकाच कार्यालयाला जोडू लागले, तर आलेला मजकूर कोणाचा, हे मधल्या उपकरणाला ठरविणे अवघड जाते. पीपीटीपीच्या ओळख पटविण्याच्या पद्धतीतील कच्चेपणा २०१२ मध्येच जाहीरपणे दाखविण्यात आला आणि ॲपलने २०१६ मध्ये आपल्या प्रणालींतून तिला काढून टाकले. तरीही ज्या कार्यालयात ती अजून चालू आहे, तेथे पुरवठादाराशी भांडण्यापूर्वी कार्यालयानेच ती बदलणे शहाणपणाचे ठरेल.

आणखी एक त्रास वेळेचा. जोडणी होते, पण चहा घेऊन परत येईपर्यंत तुटते. मधले उपकरण निवांत पडलेल्या यूडीपी जोडणीची नोंद काही काळाने पुसून टाकते. इंटरनेटच्या मानकांनुसार ही नोंद किमान २ मिनिटे तरी ठेवावी, पण हा दंडक सर्वत्र पाळला जात नाही. व्हीपीएनमध्ये दर २५ सेकंदांनी एक रिकामा संदेश पाठविण्याची मांडणी केली की हा त्रास बहुधा संपतो.

शासनाचा आदेश असेल तर

काही ठिकाणी व्हीपीएन बंद असते ते शासनाच्या आदेशाने, आणि तेथे पुरवठादाराकडे दाद मागून उपयोग नसतो. जम्मू-काश्मीरमध्ये ५ ऑगस्ट २०१९ पासून संपर्कसेवा बंद करण्यात आल्या. १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटद्वारे अभिव्यक्ती आणि इंटरनेटद्वारे व्यवसाय, या दोहोंना घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाचे संरक्षण असल्याचे सांगितले. बंदीचे आदेश प्रसिद्ध करावेत आणि ते प्रमाणशीर असावेत, असेही बजावले. त्यानंतर टूजी सेवा निवडक संकेतस्थळांपुरती सुरू झाली, तेव्हा समाजमाध्यमांबरोबर व्हीपीएनलाही वगळण्यात आले. ही निवडक यादी मार्च २०२० मध्ये संपुष्टात आली. फोरजी परतले ते ५ फेब्रुवारी २०२१ रोजी.

मणिपूरमध्ये मे २०२३ च्या हिंसाचारानंतर बंद झालेले ब्रॉडबँड २५ जुलै रोजी अटींवर सुरू झाले. स्थिर पत्त्यावरच जोडणी, वायफायला मनाई आणि संगणकातून व्हीपीएन काढून टाकणे, अशा त्या अटी होत्या. ज्याचे काम व्हीपीएनशिवाय होऊच शकत नाही, त्याच्या दृष्टीने ब्रॉडबँड सुरू झाले असे म्हणणे कठीण होते.

येथे ग्राहकांचा आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी ‘सर्ट-इन’ने व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती ५ वर्षे जपावी, असा निर्देश दिला आणि काही परदेशी कंपन्यांनी भारतातील सर्व्हर काढून घेतले. त्यावरून ‘भारतात व्हीपीएनवर बंदी आली’ अशी समजूत पसरली. तसे झालेले नाही. कंपन्यांच्या अंतर्गत कामासाठीच्या व्हीपीएनला हा माहिती जपण्याचा निर्देश लागू नसल्याचे ‘सर्ट-इन’ने मे महिन्यातच स्पष्ट केले होते. ‘व्हीपीएन बेकायदेशीर आहे म्हणून बंद ठेवले’ असे ग्राहकसेवा केंद्राने सांगितले, तर संबंधित भागातील आदेशाची प्रत मागावी. सेवा स्थगितीचे नवे नियम नोव्हेंबर २०२४ मध्ये दूरसंचार कायद्याखाली अधिसूचित झाले असून त्यांनुसार असे आदेश कारणांसह प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे.

सगळे ४४३ वर

पोर्ट रोखले जातात म्हणून व्हीपीएन बनविणाऱ्यांनी आपली वाहतूक ४४३ वर हलविली. सुरक्षित संकेतस्थळांचा हा पोर्ट बंद केला तर बँकांपासून रेल्वे आरक्षणापर्यंत सारेच थांबेल, त्यामुळे तो सहसा कोणी रोखत नाही. मायक्रोसॉफ्टचे एसएसटीपी, सिस्कोचे एनीकनेक्ट आणि इतर अनेक कंपन्यांची व्हीपीएन या वाटेने जातात. अडलेल्या कर्मचाऱ्याला कार्यालयाकडून मिळू शकणारी सर्वांत जलद मदतही हीच असते, व्हीपीएनला टीसीपी ४४३ ची पर्यायी वाट उघडून देणे.

त्याची किंमत मोजावी लागते. रजिस्टर टपालाच्या पाकिटात पुन्हा रजिस्टर टपाल घातल्यासारखे होते. एक पाकीट हरवले की दोन्ही पातळ्यांवर फेरपाठवणी सुरू होते आणि खराब जोडणीवर वेग कोसळतो. दूरदृश्य बैठकीतील आवाज तुटतो तो बहुधा यामुळे. शिवाय पोर्ट बदलल्याने ओळख लपतेच असे नाही. ओपनव्हीपीएनची वाहतूक पोर्ट कोणताही असो, तिच्या ठेवणीवरून ओळखता येते, हे मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखविले.

तपास आणि तक्रार

पुरवठादाराकडे जाण्यापूर्वी एक सोपी परीक्षा घ्यावी. त्याच संगणकावर, तेच व्हीपीएन, दुसऱ्या कंपनीच्या मोबाइल हॉटस्पॉटवरून जोडून पाहावे. तेथेही अडले तर दोष बहुधा संगणकात किंवा कार्यालयात असतो. तेथे जोडले गेले आणि घरच्या जोडणीवर नाही, तर घरातील राउटर आणि पुरवठादार असे दोनच संशयित उरतात. राउटरमधील व्हीपीएन पासथ्रूची मांडणी आणि फायरवॉल तपासली की पहिला संशयित सुटतो. ‘पिंग’ला उत्तर आले यावरून पोर्ट उघडा आहे असे सिद्ध होत नाही, कारण पिंगला पोर्ट लागतच नाही. हे ग्राहकसेवा केंद्राला नम्रपणे, पण पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

तक्रारीत ‘व्हीपीएन चालत नाही’ असे मोघम लिहू नये. कार्यालयाच्या तंत्रज्ञाकडून पोर्ट क्रमांक, टीसीपी की यूडीपी आणि सर्व्हरचा पत्ता घ्यावा. प्रयत्नाची तारीख व वेळ, तसेच दुसऱ्या जोडणीवरील निष्कर्ष नोंदवावा. हा पोर्ट आपल्या जाळ्यावर रोखला आहे का आणि असल्यास कोणत्या कारणाने, एवढाच प्रश्न लेखी विचारावा. तक्रार केंद्राने डॉकेट क्रमांक देणे बंधनकारक आहे. उत्तर समाधानकारक नसल्यास त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते आणि त्याने ३९ दिवसांत निर्णय द्यावा, असा ट्रायचा नियम आहे. स्वतः ट्राय वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही. दूरसंचार विभागाकडे केंद्र शासनाच्या लोक तक्रार पोर्टलवरून दाद मागता येते.

त्यानंतरचा मार्ग ग्राहक आयोगाचा. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक मंचाकडे नेता येतात की नाही, हा वाद बरीच वर्षे चालला. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात तो ग्राहकाच्या बाजूने मिटविला. तेथे जाताना डॉकेट क्रमांक, अपिलाची पोच आणि वर सांगितलेली नोंदवही सोबत असावी. वेगाच्या चाचणीची पावती या प्रकरणात काहीच सांगत नाही.